दुहेरी टीप

खोक्यावर झेपावणारं चित्र, आत नुसता पुठ्ठा:
एक जाड नळी, एक बारीक, पंखांच्या तीन फळ्या,
प्लास्टिकचं नाक,
आणि उंदरानं कुरतडलेली लाल पन्नीची छत्री.
प्रणीत रडला नाही, तेरा वर्षांचा आहे.
एवढंच म्हणाला, पिन्नी, तुझी मशीन रिकामी आहे का?

मशीन रिकामी नसते.
रोज वीस डझन टॉवेलांच्या कडा मुडपते मी;
डझनामागे काय मिळतं ते सांगण्यासारखं नाही.
तरी त्या रात्री गठ्ठा भिंतीकडे सारला,
मोडक्या छत्रीचं कापड उसवलं.
आठ पाकळ्या, एक नारिंगी, एक काळी.
आठ दोऱ्या, सारख्या.
सारख्या म्हणजे सारख्याच. ताण एकीकडं गेला
की माल कसा तिरका उतरतो
हे मला त्याच्या पुस्तिकेनं सांगायला नको.

पंख त्यानं बसवले.
दोन नळ्यांतला गोंद कालवून बोटानं सांध्यात भरला,
आतून गोल, गुळगुळीत, भांड्याच्या काठासारखा.
वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून
पंखांसाठी घरातला पंखा बंद.
एप्रिलमध्ये. सोलापुरात.
दोन दिवस सगळे घामानं निथळत
त्या एका पुठ्ठ्याला जपत बसलो.

मग कमरेला दोरा बांधून बोळात गरागरा फिरवलं.
नाक पुढं राहिलं तर पास.
राहिलं नाही. शेपूट पुढं करून
ते नापास पोरासारखं उलटं उलटं फिरलं.
नाकात वजन पाहिजे, प्रणीत म्हणाला.
मोठे दीर उठले, पलंगाखालचा डबा ओढला.
माग भंगारात गेले तेव्हा
एवढे वॉशर त्यांनी का ठेवले, कुणी विचारलं नव्हतं.
सोनाराच्या काट्यावर बेचाळीस ग्रॅम.
दोन घरी परत आणले, पुन्हा डब्यात टाकले.

परवानगीच्या टेबलावरचा साहेब म्हणाला, किती उंच?
चारशे मीटर.
त्यानं पेन खाली ठेवलं. आणि परत येतं काय ओ?
प्रणीतनं माझ्याकडं पाहिलं.
मी म्हटलं, येतं की.
शिक्का मारला त्यानं, माझ्या शब्दावर.

कुंभारीच्या पुढं माळ, सकाळचे सात.
मोटार पुण्याच्या गद्रे मॅडमच्या पेटीत,
शेवटपर्यंत त्यांच्याच हातात.
छत्रीची घडी मी घातली,
चिकटू नये म्हणून जावेच्या बाळाची पावडर लावून.
आम्हाला तीस पावलं मागं उभं केलं.
उलटं मोजताना पोरं घरच्या भाषेत गेली:
ऐदु, नालुगु, मूडु, रेंडु, ओकटि.

फुस्स.

एक मिनिट कुणी हलायचं नाही, मॅडम म्हणाल्या.
एवढं लांब मिनिट मी दवाखान्यातच पाहिलंय.
मग नवी वात, नव्या तारा, पुन्हा मोजणी;
आणि नेमकी तेव्हाच माझी चप्पल काट्यात अडकली.

उडताना मी ते पाहिलंच नाही.
ऐकलं फक्त:
अख्खं थान एका झटक्यात टरकावं तसं आभाळ.
मान वर केली तोवर धुराची एक रेघ,
वर जाऊन वाकलेली, आणि टोकाला काहीच नाही.
काहीच नाही.
दीर तोंडात आकडे मोजत होते.
साहेबाचा शिक्का आठवला मला.

मग पांढरी फुंकर. पावडर!
आणि तिच्याखाली नारिंगी, काळी, नारिंगी,
उमलली माझी कड.

पोरं पळाली. बाभळीच्या अलीकडं उतरलं ते,
एका पंखाला चीर, बाकी शाबूत.
सगळे त्या नळीभोवती, नाक हुंगत, फोटो काढत.
मी छत्री उन्हात पसरली,
एकेक शिवण अंगठ्यानं चाचपत गेले.
सहाव्या पाकळीला दोरा सुटला होता,
चार टाके.

प्रणीत, म्हटलं, पुढच्या वेळी
दुहेरी टीप घालू.